कॅम्पिंग ट्रेलर बांधायचाय? मुंबईच्या हवेत लाकूड टिकेल की धातू?

गाडीमागे ओढून नेता येईल असा, दोघांना झोपण्यापुरता ट्रेलर स्वतः बांधायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो: लाकूड की धातू? अमेरिकेत १९३० च्या दशकात थेंबाच्या आकाराचे असे ट्रेलर लोक घरीच बांधू लागले. अंधेरी-बोरिवलीत मात्र आधी पावसाचा विचार करावा लागतो. सांताक्रूझला वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि ट्रेलर तेव्हा बहुधा सोसायटीच्या आवारात उघड्यावरच उभा असतो.

खालची चासी पोलादाचीच हवी, त्यात वाद नाही. प्रश्न आहे वरच्या खोक्याचा.

लाकूड हलकं, हा समज इथे फसवा ठरतो. १२ मिमी प्लायवूडची आठ बाय चार फुटांची शीट साधारण २० ते २५ किलोची असते. तेवढाच १ मिमी पोलादी पत्राही जवळपास २३ किलो भरतो, तर ॲल्युमिनियमचा फक्त ८. पण पत्र्याला आतून चौकट आणि उष्णता अडवणारा थर लागतो. नाहीतर दिवसा भट्टी आणि रात्री श्वासाची वाफ गार पत्र्यावर जमून थेंब थेंब अंगावर! प्लाय स्वतःच भिंत होतो, शिवाय करवत आणि ड्रिलवर काम भागतं.

प्लाय सडतो तो बहुतेकदा कडांमधून आणि स्क्रूच्या भोकांतून. त्यामुळे आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा आणि प्रत्येक कड, प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करावं. घरातल्या फर्निचरचा एमआर प्लाय इथे घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

धातूचा शत्रू खारी हवा. वर्सोव्याला समुद्र आहेच, मुलुंड-घाटकोपरलाही ठाण्याची खाडी जवळ आहे. ॲल्युमिनियमला साधे लोखंडी स्क्रू लावले, तर ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यावर गंज वेगाने वाढतो. मध्ये नायलॉन किंवा रबरी वॉशर हवा.

म्हणून उपनगरातल्या हौशी माणसाला पोलादी चासी, सील केलेल्या मरीन प्लायचं खोकं आणि छतावर पातळ ॲल्युमिनियम हा मेळ सोयीचा.

मात्र सामान आणण्याआधी आरटीओ गाठावं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे, त्यामुळे नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. अंधेरीचं कार्यालय एमएच-०२, बोरिवलीचं एमएच-४७. मुलुंड-घाटकोपरकरांना वडाळ्याला, एमएच-०३ कडे जावं लागतं.