पावणेसातपर्यंत

संध्याकाळी ६.२५ (१२ तास २० मिनिटं आधी)
जीपची चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. आतला दिवा आदल्या दिवसापासून चालूच राहिला होता, आणि तो माझ्याच हातून. सकाळी सातला लग्नाला निघायचं होतं. तात्या म्हणाले, "धक्का मारू." पण जीप शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी आणि उतार नेमका उलट बाजूला.

७.३०
नाक्यावरच्या गॅरेजातून चार्जर आणला. लोखंडी डबा, आत जड ट्रान्सफॉर्मर, वर अँपिअरचा काटा, एक लाल आणि एक काळा चिमटा. बॅटरी भरली की आपोआप थांबायची सोय त्यात नव्हती. गॅरेजवाला डबा माझ्या हातात देता देता म्हणाला, "लावताना आधी चिमटे, मग बटण. काढताना आधी बटण, मग चिमटे. काळा चिमटा गाडीच्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब. आणि दार उघडं ठेवा." पूजेतला गुरुजींचा संकल्प ऐकावा तसं मी ते ऐकलं, म्हणजे मान हलवत.

८.१५
बॅटरी ८० अँपिअर-तासांची. अशा बॅटरीला क्षमतेचा दहावा हिस्सा, म्हणजे ८ अँपिअर, पुरतात. रात्रभर लावायची तर त्याहून कमीच बरे. मी बटण 'हाय'वर ठेवलं आणि काटा १२ वर गेला, याचं मला कौतुकच वाटलं. चासीवरचा रंग कोण खरवडत बसणार? काळा चिमटा थेट टर्मिनलला लावला. सहा बुचांपैकी एकही उघडून पाहिलं नाही. आत पाणी खाली गेलं होतं. पाणी कमी म्हणजे प्लेटांच्या वर पोकळी जास्त, आणि गॅस साठायला तीच जागा.

८.४०
शेजारच्या गोठ्यातली धूळ बसू नये म्हणून बॅटरीवर गोणपाट टाकलं. चोराच्या भीतीनं शेडचं दार लावून घेतलं.

रात्री ११.३०
गिरणी बंद, दुकानं बंद. संध्याकाळी पिवळा पडलेला ओसरीवरचा बल्ब आता लख्ख जळत होता. व्होल्टेज चढलं की साधा चार्जरही जास्त ढकलतो. त्याला थोपवणारं आत काही नसतं.

१.०० च्या सुमारास
बॅटरी भरली. बारा व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट चढले की वीज साठायची थांबत जाते आणि पाणी फोडू लागते: दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन. जाळायला जे लागतं ते दोन्ही एकाच डब्यात, अगदी मापात. ६ अँपिअर जरी वाहत असले, तरी सहा सेल मिळून तासाला १५ लिटर हायड्रोजन सोडतात. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. मोकळ्या शेडमध्ये तो वर जाऊन विरलाही असता. गोणपाटाखाली आणि बॅटरीच्या पोटात कुठे विरणार?

२.५०
इथं मला थांबावंसं वाटतं, कारण इथं सगळं वाचलं असतं. लघवीला उठलो होतो. शेडच्या दाराशी आलो तर आतून आवाज येत होता, चुलीवर डाळीला मंद आधण यावं तसा. बुड… बुड… वास आंबट, घशात खवखवणारा. मी फटीतून टॉर्च मारला. चार्जरचा काटा दिसला, गोणपाट दिसलं. हात लावला असता तर बॅटरीची भिंत ऊनऊन लागली असती. बटण दारापासून चार पावलांवर, बाजरीच्या पोत्यांमागे होतं. मी मनात म्हटलं, बॅटरी छान घेतेय. आणि जाऊन झोपलो. ज्या आवाजानं घाबरायचं, त्याच आवाजानं निश्चिंत झालेला माझ्यासारखा शहाणा मी दुसरा पाहिलेला नाही.

सकाळी ६.४०
"झाली का रे? हार वाळायला लागले!" तात्या अंगणातून ओरडले. पोत्यांमागे जायला नवा शर्ट मळला असता.

६.४५
गोणपाटाचा कोपरा उचलला. बटण चालूच. वाकून लाल चिमटा ओढला. टर्मिनलवर निळी ठिणगी दिसली, एवढंच आठवतं. आवाज मला नीट ऐकूच आला नाही. कानात नुसती शिट्टी. बॅटरीचं वरचं झाकण पत्र्याला जाऊन आपटलं होतं आणि तोंडावर काहीतरी ओलं होतं. आधी गार लागलं, मग पेटलं.

६.४६
वहिनींनी दंडाला धरून हौदावर नेलं. "भाऊजी, डोळे उघडा. उघडा म्हणते ना!" पाइप थेट तोंडावर. तात्यांनी बटण बंद केलं. मी दोनदा "पुरे" म्हणालो, वहिनींनी ऐकलं नाही. वीस मिनिटं पाणी चाललं होतं, मग त्याच ओल्या कपड्यांत तालुक्याला डॉक्टरांकडे. डोळे वाचले ते चष्म्यामुळे. त्याच्या डाव्या काचेवर अजून देवीच्या वणांसारखे ठिपके आहेत.

७.३०
वऱ्हाड शेजाऱ्याच्या टेम्पोनं गेलं. वहिनी मागे राहिल्या. शेडच्या कोब्यावर त्यांनी खायच्या सोड्याचा अख्खा डबा उपडा केला. फसफसून पांढरा फेस आला, तो निवेपर्यंत त्यांनी कुणाला आत जाऊ दिलं नाही.

तीन दिवसांनी
नवा शर्ट धुऊन दोरीवर टाकला. त्या सकाळी त्यावर साधा डागही दिसला नव्हता. वाळल्यावर वहिनींनी तो उजेडासमोर धरला, तर छातीपासून खिशापर्यंत चाळण.