सीए-१२५
सीए-१२५ : अंडाशयाच्या कर्करोगात रक्तातील प्रमाण वाढणारे, एमयूसी-१६ जनुकापासून तयार होणारे मोठे ग्लायकोप्रथिन. रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ओसी-१२५ या प्रतिपिंडाच्या साहाय्याने ते ओळखले. रक्तातील नेहमीची मर्यादा प्रतिमिलिलिटर ३५ एकक मानतात. मात्र एंडोमेट्रिऑसिस, गर्भारपण व पोटाचा क्षयरोग यांतही ते वाढते; त्यामुळे एकट्या या चाचणीवरून निदान होत नाही. केमोथेरपीच्या पहिल्या १०० दिवसांत पातळी जितक्या झपाट्याने उतरते, तितके रुग्णाचे आयुर्मान सहसा अधिक असते. ‘केलिम’ हा निर्देशांक हाच वेग मोजतो. उपचारांनंतर पातळी पुन्हा चढल्यास रोग उलटल्याची चाहूल लक्षणांआधीच लागते. तथापि केवळ त्या वाढीवरून लवकर उपचार सुरू केल्याने आयुष्य लांबत नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आढळले.