अन्यधर्मीयांसाठी ख्रिस्ती प्रार्थना

अन्यधर्मीयांसाठी ख्रिस्ती प्रार्थना : स्वतःऐवजी दुसऱ्यासाठी देवाकडे केलेल्या मागण्याला मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत रदबदलीची किंवा मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. हिंदू, मुसलमान, जैन, बौद्ध शेजाऱ्यांसाठी, नातलगांसाठी आणि राज्यकर्त्यांसाठी केलेली प्रार्थना हा तिचाच भाग आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार एक टक्क्याहून किंचित कमी आहे. त्यामुळे इथल्या ख्रिस्ती माणसाने ‘शेजाऱ्यासाठी’ प्रार्थना केली की ती बहुधा अन्यधर्मीयासाठीच असते. प्रार्थना करावी की नाही, यावर पंथांमध्ये फारसे दुमत नाही. वाद होतो तो काय मागावे, कुणासमोर मागावे आणि दुसऱ्याच्या उपासनेत कुठवर सामील व्हावे, या तीन प्रश्नांवर.

बायबलमध्ये या प्रार्थनेला जुना आधार आहे. अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो. त्या नगरातले लोक त्याच्या देवाचे भक्त नव्हते. मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोन राजा परमुलखातून येणाऱ्या परक्या माणसाचेही मागणे ऐकले जावे, अशी विनवणी करतो. बाबेलात कैद होऊन गेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्टा पत्राने कळवतो की, ज्या शहरात नेले आहे त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या समाजाला हा उतारा विशेष जवळचा वाटतो. नव्या करारात येशू छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो आणि लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या प्रार्थनेचा निषेध करतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सर्व माणसांसाठी, त्यातही राजे आणि अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करण्याची आज्ञा आहे. त्या काळचे राजे ख्रिस्ती नव्हते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन रोमन अधिकाऱ्यांना उद्देशून लिहितो की ख्रिस्ती लोक सम्राटाची पूजा करत नाहीत, पण त्याच्यासाठी प्रार्थना करतात. एखाद्यासाठी प्रार्थना करणे आणि त्याच्या दैवताची उपासना करणे यांतला भेद इतका जुना आहे.

चर्चच्या नित्य उपासनेत या प्रार्थनेचे शब्द मात्र बदलत गेले. गुड फ्रायडेच्या कॅथलिक विधीत यहुद्यांसाठी शतकानुशतके अवमानकारक विशेषण वापरले जाई. पोप तेविसावे जॉन यांनी ते १९५९ मध्ये काढून टाकले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीची घोषणा स्वीकारली आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका घेतली. आजच्या विधीत यहुदी, ख्रिस्तावर विश्वास नसलेले आणि देवच न मानणारे यांच्यासाठी स्वतंत्र प्रार्थना आहेत. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या १६६२ च्या आवृत्तीतही त्याच दिवशी यहुदी, तुर्क आणि ‘पाखंडी’ यांना एका दमात मोजणारी प्रार्थना होती. ज्याच्यासाठी देवाकडे जायचे त्याला आधी नाव ठेवायचे, ही त्या जुन्या भाषेची खोड होती.

महाराष्ट्रात कुणासमोर प्रार्थना करावी हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो पुण्यात, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले गेले. उच्चवर्णीय विधवांसाठी असलेल्या या संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही आणि मुलींच्या आचारधर्मात ढवळाढवळ करायची नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह रोज प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. येऊ नका, असे रमाबाईंनी सांगितले नाही. ‘केसरी’ वृत्तपत्राने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्या. म. गो. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने संस्थेशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंना वजन होते. आपल्या घरात, आपल्या खोलीत प्रार्थना करण्यासाठी दार लावून घ्यावे, ही अपेक्षा रमाबाईंना सद्‌सद्विवेकाविरुद्ध वाटली, आणि ती तशी होतीही. पण निराधार, बहुतेक कोवळ्या वयाच्या मुली जिच्यावर सर्वस्वी अवलंबून आहेत तिच्या दारातून दिसणारी प्रार्थना ही केवळ खाजगी उरत नाही. रानडे-भांडारकर हे काही सनातनी नव्हते. प्रार्थना समाजाच्या या धुरीणांचा आक्षेप ईश्वरोपासनेला नव्हता, दिलेल्या हमीच्या मर्यादेला होता. अन्यधर्मीयांसमोर करायच्या प्रार्थनेची खरी कसोटी इथे दिसते: ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मोकळीक आहे का, आणि उठून गेल्यास त्याचे काही बिघडणार आहे का? सदनातल्या मुलींना पहिली मोकळीक होती. दुसरी कितपत होती, यावर मतभेद राहणार.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वेगळे चित्र दिसते. तिथे रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती संस्था चालवली, त्यामुळे हमीचा प्रश्नच उरला नाही. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी स्त्रियांना बोलावले आणि त्यातून त्या वर्षी तिथली प्रसिद्ध धार्मिक जागृती घडली. त्या प्रार्थनेत आधी मागितले होते ते भारतातल्या ख्रिस्ती लोकांचेच, त्यांत स्वतःचेही, खरे परिवर्तन. इतरांच्या बदलासाठी प्रार्थना करणाऱ्यांच्या हातून हा क्रम सहसा सुटतो.

साताऱ्याशी निगडित उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या काळात त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि परत आल्यावरही सोवळ्याची चूल वेगळी ठेवून राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात दोन धर्मांचा असा एक संसार तपशिलाने आला आहे. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचे बंधन सोडून साताऱ्याहून ‘देवाचा दरबार’ ही चळवळ सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भजने ‘उपासना संगीत’मधून आजही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गायिली जातात. अभंगाच्या चालीत बांधलेली ही प्रार्थना हिंदू श्रोत्याला परकी वाटत नाही. हीच गोष्ट काही ख्रिस्ती टीकाकारांना खटकली, काही हिंदू टीकाकारांनाही.

दक्षिण महाराष्ट्रात प्रार्थना आणि परधर्मीय यांची रोजची गाठ पडली ती दवाखान्यात. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि कर्नाटकातून येणारे तिथले बहुसंख्य रुग्ण ख्रिस्ती नव्हते. शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याची रीत मिशनच्या रुग्णालयांत होती. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर हा प्रसंग नाजूक असतो. भूल देण्याआधी डॉक्टरला ‘नको’ म्हणण्याचे बळ फार थोड्यांकडे असते. म्हणून रुग्णाला विचारून, थोडक्यात, त्याच्या बरे होण्यापुरती आणि डॉक्टरच्या हाताला यश मागणारी प्रार्थना करणे योग्य. तिच्यात उपदेश घालणे अयोग्य. रुग्ण नको म्हणाला तर डॉक्टरने ती मनात करायला कुणाचीच आडकाठी नाही. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी २०११ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या साक्षीविषयक निवेदनातही आजारी माणसाच्या असहायतेचा फायदा घेऊ नये असे बजावले आहे. शेजाऱ्यांच्या कल्याणासाठी प्रार्थना करणे मात्र त्याच निवेदनाने कर्तव्य मानले आहे.

तासगावसारख्या गावात प्रश्न याहून साधे असतात आणि म्हणूनच अवघड. १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात असलेला हा तालुका आता सांगली जिल्ह्यात आहे. द्राक्षे आणि बेदाणा यांवर त्याचा संसार चालतो. पूर्वेकडच्या दुष्काळी गावांना पाऊस हवा असतो, तर बेदाणा शेडवर असताना तोच पाऊस घात करतो. अशा वेळी शेजारी सहज म्हणतो, ‘तुमच्या चर्चमध्ये आमच्यासाठी पण मागा.’ येशूच्या शिकवणीत देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. तेव्हा ही विनंती घेताना धर्म विचारण्याचे कारण नाही. शेजाऱ्याने पाऊस मागितला असेल तर पाऊसच मागावा. त्या निमित्ताने त्याच्या धर्मांतराचे मागणे जोडणे म्हणजे त्याने दिलेल्या कामात आपले काम घुसवणे होय. ख्रिस्ती माणसाने आपल्या जिवलगांना ख्रिस्ताची ओळख व्हावी अशी इच्छा धरणे त्याच्या श्रद्धेत स्वाभाविक आहे. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपल्या यहुदी बांधवांच्या तारणाची आस बोलून दाखवली आहे. ती इच्छा लपवण्याजोगी नाही, पण तिची जागा एकांतातल्या प्रार्थनेत आहे. शेजाऱ्यासमोर हात जोडून त्याच्याच कानावर ती घालणे हा प्रार्थनेच्या आडून केलेला उपदेश ठरतो.

सहभागाचा प्रश्न सणाला येतो. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या काळात उभारलेल्या, दाक्षिणात्य धाटणीच्या गोपुराच्या तासगाव गणपती मंदिराचा रथ ऋषिपंचमीला निघतो आणि भाविक तो दोरांनी ओढतात. पाहुण्यांचे स्वागत करणे, गर्दीला पाणी देणे, उत्सव निर्विघ्न पार पडावा म्हणून देवाकडे मागणे यांत ख्रिस्ती श्रद्धेला बाधा येत नाही. रथाचा दोर धरणे किंवा आरतीत सामील होणे ही उपासनाच आहे, असे बहुतेक मंडळ्या मानतात. प्रसादाबाबत मात्र एकमत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांचा आधार दोन्ही बाजू घेतात. राजे दुसऱ्या पुस्तकातला अरामी सेनापती नामान धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात वाकावे लागेल म्हणून आधीच क्षमा मागतो आणि अलीशा संदेष्टा त्याला शांतीने जायला सांगतो. नोकरीमुळे देवळात जावे लागणाऱ्या माणसाला हा उतारा दिलासा देतो, मात्र त्यावरून सरसकट परवानगी काढता येत नाही.

एकत्र येऊन प्रार्थना करण्याचा सर्वपरिचित नमुना म्हणजे २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी इटलीत असिसी येथे भरवलेला मेळावा. अनेक धर्मांचे प्रतिनिधी प्रार्थनेसाठी एकत्र आले, पण एकच प्रार्थना सगळ्यांनी म्हटली नाही. प्रत्येकाने आपापल्या रीतीने केली. सर्वधर्म प्रार्थनासभेत हीच पद्धत सोयीची पडते. ख्रिस्ती प्रतिनिधीने येशूचे नाव वगळून गुळमुळीत शब्द वापरण्याची गरज नसते, आणि इतरांनी ‘आमेन’ म्हणावे ही अपेक्षाही त्याने धरू नये.

उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट संघाचे. १९९९ मध्ये दिवाळीच्या सुमारास त्यांनी हिंदूंसाठी प्रार्थनेची पुस्तिका काढली आणि तिच्यात हिंदूंचे वर्णन अंधारात चाचपडणारे लोक असे केले. भारतात आणि अमेरिकेत तिचा निषेध झाला. भारतीय ख्रिस्ती नेत्यांनाही ती नापसंत पडली. दूरदेशी छापलेल्या शब्दांची झळ इथल्या मंडळ्यांना बसते, याचे भान त्या पुस्तिकेत नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सद्‌सद्विवेकाचे आणि धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने घर, मंदिर, दर्गा, चर्च इत्यादी ठिकाणी शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करता केलेल्या प्रार्थनेला हात लावलेला नाही. सर्पदंश झालेल्याला औषधोपचारापासून अडवणे मात्र गुन्हा आहे. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे व्हावेत म्हणून भरवलेल्या, सभा घेणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक असते. प्रार्थनेसोबत गोळ्या चालू ठेवायला सांगणारा पाळक कायदा आणि शास्त्र दोन्ही पाळतो.

मृत्यूच्या प्रसंगी पंथभेद पुन्हा समोर येतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, मग तो ख्रिस्ती असो वा नसो. अन्यधर्मीय शेजाऱ्याच्या घरी किंवा स्मशानात त्या मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागतात. कॅथलिक मिस्सेच्या चौथ्या युखारिस्त प्रार्थनेत, ज्यांचा विश्वास केवळ देवालाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांचे स्मरण केले जाते. त्यामुळे कॅथलिक कुटुंबाला आपल्या हिंदू आजोबांचे किंवा मुस्लिम मित्राचे नाव मनात धरून मिस्सा ऐकता येते.