भूसुरुंगबंदी : सरकारांना कोणी झुकवले?

युद्ध हा सरकारचा आणि सैन्याचा विषय; स्वयंसेवी संस्थांनी जखमींना मलमपट्टी करावी, धोरणात पडू नये, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. आम्हाला हे मान्य नाही. इतिहासही तसे सांगत नाही.

कंबोडिया, अंगोला, मोझांबिक, अफगाणिस्तान. या देशांत लढाई पुढे सरकली तरी पेरलेले सुरुंग जमिनीतच राहिले. पाय गेले ते शेतकऱ्यांचे, सरपण गोळा करणाऱ्या बायांचे, गुरे राखणाऱ्या पोरांचे. त्यांना कृत्रिम पाय बसवणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या संस्थांना कळून चुकले की, सुरुंग बनत राहिले तर हे काम कधीच संपणार नाही. 1992 मध्ये सहा संस्थांनी एकत्र येऊन एकच मागणी केली : संपूर्ण बंदी.

संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत 1980 पासून करार होता. 1996 मध्ये तो सुधारला, पण बंदी आली नाही. कारण तिथे निर्णय सर्वसहमतीने होत. म्हणजे बलाढ्य देशांचा नकार पुरेसा होता. तेव्हा संस्थांनी तयार असलेल्या मध्यम व लहान देशांना हाताशी धरले. ऑक्टोबर 1996 मध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी वर्षभरात करार करण्याचे जाहीर आवाहन केले. सप्टेंबर 1997 मध्ये ऑस्लोत मसुदा ठरला. अमेरिकेने मागितलेल्या सवलती नाकारल्या गेल्या. डिसेंबरमध्ये ओटावात 122 देशांनी सह्या केल्या. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल या मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना मिळाले.

हा विजय अपुरा आहे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान करारात नाहीत. 2001-02 च्या तणावात भारत-पाक सीमेवरील शेतांत सुरुंग पेरले गेले. किंमत मोजली सीमेवरच्या गावांनी. 2025 मध्ये फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाच्या भीतीने करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सरकारे दयेने बदलत नाहीत. पीडितांमध्ये राहून गोळा केलेला पुरावा, तडजोड नसलेली मागणी आणि संघटित दबाव यांनीच ती बदलतात. दबाव सैल झाला की मिळवलेलेही हातातून जाते. केवळ मलमपट्टीवर समाधान मानणाऱ्या संस्थांनी स्वतःला विचारावे : जखम करणाऱ्या धोरणाला आपण कधी जाब विचारणार?