हिरव्या रंगाचं कूळ

हंगाम तोंडावर आला की फॉर्म्युला वनचे संघ बहारीनच्या साखीर सर्किटवर नव्या गाड्या तपासतात. त्यातली एखादी गॅरेजमधून निघते ती अंगावर ओला, भडक हिरवा रंग घेऊनच. दोन-तीन फेऱ्यांनी परतते तेव्हा त्या रंगाच्या बारीक रेघोट्या झालेल्या असतात. फेरीच्या वेळा मला फारशा विश्वासाच्या वाटत नाहीत. कोणी टाकीत किती इंधन भरलंय, कोण जाणे! रेघोट्या मात्र खोटं बोलत नाहीत.

या रंगाला ‘फ्लो-व्हिज’ म्हणतात. चमकणारी पूड पॅराफिनसारख्या हलक्या तेलात कालवायची आणि गाडी निघता निघता फवारायची. वारा तेलाला ओढत नेतो, तेल उडून जातं, पूड राहते. रेघ सलग असेल तर हवा पृष्ठभागाला धरून वाहते आहे. रंग एका जागी साचला किंवा उलटा फिरला, तर तिथे हवेने अंग सोडलंय.

युक्ती मूळची विमानवाल्यांची. पंखांवर लोकरीचे तुकडे चिकटवून हवेचा मार्ग पाहणं १९२०च्या दशकातलं, पुढे वाऱ्याच्या बोगद्यात तेल आणि रंग आले. पण मोटारींच्या शर्यतीपुरतं बोलायचं, तर या रंगाचा सगळ्यात मोलाचा पूर्वज मी चिलटांना मानतो.

१९६९ साली पोर्शने ९१७ ही गाडी आणली. बारा सिलिंडरचं साडेचार लिटरचं इंजिन, ताशी ३०० किलोमीटरच्या वरचा वेग, आणि त्या वेगाला मागचा भाग जमिनीवर टिकेना. नुरबर्गरिंगला कंपनीच्या नेहमीच्या चालकांनी ती चालवायला नकार दिला. ल मॉंच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा खासगी स्पर्धक तिच्यात मरण पावला.

पुढच्या हंगामात या गाड्या जॉन वायरचा इंग्लिश संघ उतरवणार होता. म्हणून ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या ऑस्टराइखरिंगवर पोर्श आणि वायर दोघांनी मिळून चाचणी घेतली. चालक ब्रायन रेडमन आणि कुर्ट आरेन्स. स्प्रिंगा बदलल्या, टायर बदलले, गाडी तशीच बिथरलेली. सोबत आणलेली ९१७ची उघडी, आखूड शेपटीची आवृत्ती मात्र वळणांवर शांत होती.

वायरचा अभियंता जॉन हॉर्समन उभ्या गाडीकडे बघत होता. हवेत चिलटं भरपूर होती. पुढच्या भागावर, काचेवर त्यांचा सडा पडलेला, आणि मागच्या स्पॉयलरवर जवळजवळ एकही नाही. म्हणजे तिथवर हवा पोचतच नव्हती. लांब, उतरत्या शेपटीवरून ती वरच्या वर निघून जात होती, आणि जो स्पॉयलर गाडीला खाली दाबायचा तो रिकामाच बसला होता.

मग ॲल्युमिनियमचे पत्रे आणि चिकटपट्टी घेऊन तिथल्या तिथे शेपटी उंच आणि आखूड केली. आधी लगेच परतणारा रेडमन आता फेरीमागून फेरी मारत राहिला. त्या ठिगळांतूनच ९१७के घडली. १९७०च्या सुरुवातीला तिने डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली. जूनमध्ये हान्स हेरमन आणि रिचर्ड ॲटवुड यांनी पोर्शला ल मॉंचं पहिलं सर्वसाधारण विजेतेपद मिळवून दिलं, तेही ९१७केमध्येच. मला यात हॉर्समनची नजर सर्वांत मोठी वाटते. घाण सगळ्यांनाच दिसत होती; स्वच्छ जागा त्याने पाहिली.

चिलटांनी नकळत केलं ते फ्लो-व्हिज ठरवून करतो. आता संगणक आहेत, बोगदे आहेत. पण फॉर्म्युला वनच्या नियमांनुसार बोगद्यात मूळ गाडीच्या ६० टक्क्यांपेक्षा मोठं मॉडेल चालत नाही आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आत ठेवावा लागतो. त्यात २००९पासून हंगामातल्या चाचण्यांवर बंधनं आली. पूर्ण आकाराची गाडी, खरा रस्ता, खरा वारा हे सगळं एकत्र मिळण्याचे दिवस उरले मोजके. गणिताने काढलेली हवेची वाट खरी का, हे तिथेच ताडून पाहायचं. रंगवलेल्या गाडीचे फोटो प्रतिस्पर्धीही काढतात, हे प्रत्येक संघ जाणतो, तरी रंग फवारतोच.