पुजाऱ्यांचा र

तुळजापुरात डीटीपीचं दुकान चालवायचं तर एक शब्द दिवसातून दहादा टाइप करावा लागतो : पुजाऱ्यांचे. अभिषेकाची पावती असो, गोंधळाची असो की नवरात्रातला फलक, पुजाऱ्यांचे नाव आधी. त्यातला तो पापणीसारखा आडवा र हिंदीला लागत नाही; आमचं त्याच्यावाचून पान हलत नाही. खिळ्यांच्या छापखान्यात त्याचा स्वतंत्र खिळा होता. जुळारी हात घालायचा, उचलायचा, लावायचा.

संगणकात मराठी आली ती मात्र वरून जोडलेली. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकनं (स्थापना १९८८) वाढवलं. त्यांचं जिस्ट कार्ड तर मशिन उघडून आत बसवायचं. ते मी फक्त ऐकलं. १९९८ साली मी दुकान थाटलं तेव्हा पानं मांडायला पेजमेकर होतं आणि त्याच्या जोडीला पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. ती चालायला प्रिंटरच्या पोर्टला डोंगल खोचायचा, डोंगलला प्रिंटरची वायर. ऐन नवरात्रात गर्दीनं टेबल सरकलं, डोंगल ढिला झाला, आणि दुकानातली मराठीच गेली! बाहेर 'आई राजा उदो उदो' चाललेलं आणि मी टेबलाखाली ओणवा.

या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. आडवा र मिळायचा, पण फाइल सोलापूरच्या छापखान्यात दुसऱ्या फाँटनं उघडली की चिन्हांची खिचडी. म्हणून फाइलबरोबर फाँटही फ्लॉपीत घालून एसटीनं जायचं, ४५ किलोमीटर.

मग विंडोज एक्सपी आलं (२००१). युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असलेली मराठी त्यात होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यातलं लँग्वेजेसचं पान. तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत खूण करायची. देवनागरीची पंगत अरबी, हिब्रू आणि थाईच्या शेजारी. खूण केली की मशिन सीडी मागायचं, आणि सीडी राहिलेली विकणाऱ्याकडं. ती आणायला माझा अख्खा मंगळवार गेला, देवीच्या वारी दुकान बंद. सीडी घातली, मशिन पुन्हा सुरू केलं, मराठी कीबोर्ड जोडला, आणि वर्डमध्ये मंगल फाँटात तुळजापूर उमटलं. मंगल मुंबईच्या सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला, तरी त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. छपाईला या मराठीचा उपयोग नव्हताच, कारण पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कळत नसे. अर्ज वर्डमध्ये आणि पत्रिका श्रीलिपीत असा दोन चुलींचा संसार मी कितीतरी वर्षं केला.

आणि युनिकोडात पहिलीच पावती चुकली. साधा र टाकला, त्याचा रफार झाला, 'पुजार्यांचे'. ओवरीतले एक म्हातारे पुजारी कागद डोळ्यांशी धरून म्हणाले, "आरं, आमच्या डोक्यावर हे काय ठिवलंस?" मी मशिनला दोष दिला. मशिनचा दोष नव्हता. ऱ हे अक्षर १९९१च्या इस्की या भारतीय मानकात होतं, युनिकोडातही पहिल्यापासून आहे. मलाच ठाऊक नव्हतं.

विंडोज विस्टापासून (२००७) कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची ती चौकट गेली. आता कीबोर्ड सोडला तर जोडायचं काही उरलं नाही, तरी दर नवरात्रात महाद्वाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन-चार फलकांवर 'पुजार्यांचे' दिसतंच. मला हे अडाणीपणापेक्षा आळसाचं वाटतं. फलक करणाऱ्या पोरांनो, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. तीनच कळा आहेत.