त्र्यंबकेश्वराचा हिरा



२००६ सालीं निघालेला 'ब्लड डायमंड' हा इंग्रजी बोलपट आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. दिग्दर्शक एडवर्ड झ्विक यांनीं त्यांत पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन या लहानशा देशाची १९९९ च्या सुमाराची स्थिति दाखविली आहे. बंडखोर टोळ्या खेड्यांवर तुटून पडतात, एका गरीब कोळ्याला धरून नेऊन नदीच्या गाळांत हिरे शोधावयास जुंपतात, त्या हिऱ्यांवर बंदुका विकत घेतात आणि त्या बंदुकांनीं पुन्हा नवीं खेडीं जाळतात. कथानक कल्पित आहे. युद्ध मात्र कल्पित नव्हतें. १९९१ पासून २००२ पर्यंत तें चाललें. फोदे सांको याच्या बंडखोरांनीं निरपराध माणसांचे हात तोडले. त्या बंडखोरांना साह्य केल्याबद्दल शेजारच्या लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यास २०१२ मध्यें विशेष न्यायालयानें ५० वर्षांची शिक्षा दिली.

असा बोलपट पाहून उठतांना "काय रानटी लोक हे!" असा उद्गार सहज तोंडून निघतो. एका चांगल्या शिकलेल्या घरांत तो मीं ऐकला, आणि म्हणूनच आज हा विषय निवडला. हिरा, लढाई आणि लूट यांची सांगड पाहण्यासाठीं आफ्रिकेपर्यंत जावयास नको.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ मध्यें धुळ्यापासून निराळा झाला; त्यापूर्वीं तो सारा खान्देशच. सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग नवापूर व नंदुरबार या गांवांवरून जात असे. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये यानें या वाटेचें वर्णन केलें आहे. नवापुराविषयीं त्यानें काय लिहून ठेवावें? तर विणकरांची वस्ती, आणि कस्तुरीसारखा वास येणारा बारीक, शुभ्र तांदूळ! रत्नांचा एवढा मोठा पारखी भातावर भुललेला पाहून नवापूरकरांना आजही बरें वाटेल. याच तावेर्नियेनें गोवळकोंड्याच्या राज्यांतील कोल्लूरची हिऱ्यांची खाण पाहिली. तेथें सुमारें ६०,००० माणसें राबत होतीं. पुरुष खणीत आणि बायकापोरें माती वाहून नेत, असें तो सांगतो. सिएरा लिओनच्या गाळांतील चित्राहून हें फारसें निराळें नाहीं. तेथें बंदुकीचा पहारा तेवढा अधिक.

दक्षिणेच्या अशाच खाणींतला एक हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा म्हणून परंपरेनें ओळखला जातो. युरोपांत त्याला 'नासक' हिरा म्हणतात; नासक म्हणजे आपलें नाशिक. वजन सुमारें ९० कॅरट, आणि पैलू देशी कारागिरांनीं पाडलेले. इंग्रज-मराठ्यांच्या शेवटच्या युद्धांत, १८१८ सालीं, दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिराबरोबर तो इंग्रजांच्या हातीं पडला. तो मिळविण्याच्या संबंधांत नांव घेतलें जातें तें जॉन ब्रिग्ज यांचें. हेच ब्रिग्ज पुढें खान्देशचे पोलिटिकल एजंट होऊन धुळ्यास राहिले.

त्याच युद्धांतला खान्देशचा एक प्रसंग येथें सांगितला पाहिजे. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या शिरपूर तालुक्यांत तापीच्या कांठीं थाळनेरचा किल्ला आहे. जानेवारी १८१८ मधील मंदसोरच्या तहानें होळकरांनीं तो इंग्रजांना देऊन टाकला होता. पण किल्लेदार तुळशीराम मामा खालीं उतरेना. २७ फेब्रुवारीस सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन आले. तोफा डागल्यावर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आंतल्या दरवाजापाशीं मात्र अरब शिबंदीशीं बोलणें चालू असतां गोंधळ उडाला, आणि त्यांत कांहीं इंग्रज अधिकारी पडले. त्यासरशीं आंतील अडीचशें-तीनशें माणसें कापून काढण्यांत आलीं व किल्लेदारास त्याच दिवशीं फांशी देण्यांत आलें. विलायतेंतही ही गोष्ट सर्वांना रुचली नाहीं. १८१९ मध्यें पार्लमेंटांत सेनापतींचे आभार मानण्याची वेळ आली तेव्हां थाळनेरविषयीं प्रश्न उठले. आभार मानले गेलेच.

आणि हिस्लॉप साहेबांचें नांव लगेच दुसऱ्या एका कागदावर दिसतें, तो म्हणजे दख्खनच्या लुटीच्या वांटणीचा. लुटीवर हक्क कोणाचा, हिस्लॉप यांच्या दख्खन-सेनेचा कीं गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या मोठ्या सेनेचा, हा तंटा वर्षानुवर्षें चालला. वांटणीसाठीं विश्वस्त नेमले गेले, त्यांत वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. लूट म्हणजे चोरी, असें म्हणणारा या तंट्यांत कोणी पक्षकारच नव्हता!

एक माणूस मात्र न्यायालयांत गेला. रायगडचा किल्लेदार नारोबा गोविंद औटी हा किल्ला खालीं केल्यावर पुण्यास येऊन राहिला. रायगडच्या करारानें शिबंदीला आपली खासगी मालमत्ता नेण्याची मुभा होती. पुण्यांत इंग्रजी अंमल बसल्याला महिने लोटले होते. तरीही कॅप्टन रॉबर्टसन यांनीं त्याची संपत्ति, ती पेशव्यांची सरकारी ठेव आहे असें म्हणून, जप्त केली. त्याच्या मागें त्याच्या व्यवस्थापकांनीं एल्फिन्स्टन व रॉबर्टसन यांवर दावा लावला, आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें चक्क त्यांच्या बाजूनें निकाल दिला. मला त्या न्यायाधीशांचें कौतुक वाटतें. पण १८३० मध्यें प्रिव्ही कौन्सिलानें तो निकाल फिरविला. लढाई धगधगत नसली तरी ती संपलेली नव्हती. सबब ही जप्ती शत्रूच्या मालाची, आणि अशा जप्तीचा विचार करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयांना नाहीं, असा त्या निकालाचा मतलब. रॉबर्टसन यांनीं नेलेला माल कोणाचा, या प्रश्नांत शिरण्याची मग गरजच राहिली नाहीं.

आतां आजचा कायदा पाहूं. सिएरा लिओन व अंगोला येथील अनर्थानंतर २००३ पासून 'किंबर्ली प्रक्रिया' म्हणून राष्ट्राराष्ट्रांतील व्यवस्था सुरू झाली. भारत तिचा सभासद आहे. आमच्या शेजारच्या सुरतेंत जगांतील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात. तेथें येणाऱ्या कच्च्या हिऱ्यांबरोबर या व्यवस्थेचा दाखला असावा लागतो. दाखल्याचा उपयोग नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु तिची व्याख्या लक्षपूर्वक वाचावी. मान्यताप्राप्त सरकाराविरुद्ध लढणारे बंडखोर ज्या कच्च्या हिऱ्यांवर पैसा उभारतात, तेवढेच हिरे तिच्या मतें निषिद्ध. सरकारी सैनिकानें लोकांना गोळ्या घालून खाण बळकावली, तर तो हिरा या व्याख्येंत बसत नाहीं. त्र्यंबकेश्वराचा हिरा तर दोन्हीं बाजूंनीं सुटला असता; एक तर त्याला पैलू पडलेले होते, आणि तो नेणारे बंडखोर नसून विजयी सरकार होतें.

त्या हिऱ्याचें पुढें काय झालें? लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीनें तो घेऊन पुन्हा घासला. वजन ७८ कॅरटांच्या आसपास आलें. पुढें लिलावांत ७,२०० पौंड किंमत येऊन १८३७ मध्यें तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्याकडे गेला आणि त्यांच्या दरबारी तलवारीच्या मुठींत बसला. १९२० नंतरच्या दशकांत तो अमेरिकेंत गेला, तेव्हां त्याच्यावरून तेथें खटला उभा राहिला. शंभर वर्षांपूर्वींची कलावस्तु म्हणून त्यावर जकात माफ व्हावी कीं नाहीं, एवढाच त्यांतील वाद होता. १९४० मध्यें न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनीं तो पुन्हा कापून ४३.३८ कॅरटांचा केला. देशी कारागिरानें पाडलेल्या मूळ घाटापैकीं निम्म्याहून अधिक भाग असा घासला गेला. १९७० मध्यें न्यूयॉर्कच्या लिलावांत तो ५ लाख डॉलरांना विकला गेला.